तांडेमाळावरचा मुक्काम

मिठाच्या वाटेची मोहीम निघणार हे मायाला सांगलीच्या सरकारी दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत कळलं. ती तिथं नर्स होती. मोहिमेबरोबर कुणीतरी नर्स हवी होती आणि दोघीतिघींनी आधीच नकार दिला होता. डिसेंबरची थंडी, उघड्यावरचा मुक्काम, वर रानगव्यांची भीती. माया म्हणाली, मी जाते. मोठ्या नर्सबाईंना आश्चर्य वाटलं, कारण माया कधी सहलीलासुद्धा यायची नाही.

मिठाची वाट म्हणजे शिराळ्याच्या पश्चिमेच्या डोंगरातून कोकणात उतरणारी जुनी पायवाट. एके काळी लमाणांचे बैल तिच्यावरून मीठ वर आणायचे आणि गूळ, मिरची खाली न्यायचे. डोंगरातली कितीतरी गावं या वाटेनं वर आलेल्या माणसांनीच वसवली होती. पुढं घाटात मोटारी आल्या आणि ही वाट रानात बुजून गेली. तिच्या माथ्यावर तांडेमाळ नावाचं सपाट पठार आहे. लमाण तिथं रात्रीला उतरायचे. तिथं छप्पर नाही, झोपडी नाही. खडकात कोरलेलं एक पाण्याचं टाकं, काळ्या पडलेल्या चुलीचे दगड आणि वारा, एवढंच.

ही वाट पुन्हा माणसांत आणायची असं वारणाकाठच्या पृथ्वीराजनं ठरवलं होतं. घरचा मोठा ऊस, मागं शिकलेली आणि फौजेत गेलेली भावकी, बोलणं गोड. पुढच्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या सुरुवातीला, जिल्हा परिषदेची निवडणूक होती. कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन जुन्या वाटेवरून चालत जाणारा पुढारी वर्तमानपत्रात चांगला दिसला असता.

मायानं त्याचं नाव ऐकलं तेव्हाच तिचं ठरलं होतं.

तिचा थोरला भाऊ मिलिंद याच तांडेमाळावर मेला होता. नऊ वर्षांपूर्वी. माया तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मिलिंद डोंगरात वाढलेला, आजोबांबरोबर लहानपणापासून त्या वाटेनं कोकणात गेलेला. पृथ्वीराज आणि त्याचे दोन मित्र शिकारीला निघाले तेव्हा वाट दाखवायला म्हणून त्यांनी मिलिंदला बरोबर घेतलं. शिकारीला बंदी होती, पण त्या घरच्यांना विचारणार कोण? तिघं परत आले. मिलिंद आला नाही. तिघांनी सांगितलं की तो आदल्या दिवशीच आम्हाला सोडून कोकणात उतरला. मग धनगरवाड्यावरच्या तानुबाईनं निरोप आणला. ती म्हसरं घेऊन माळावर गेली होती. मिलिंद टाक्याजवळ पडलेला तिनं बघितला, मांडीचं हाड मोडलेलं, ओठ फाटलेले. तो जिवंत होता. बोलला. पृथ्वीराज आणि त्याचे सोबती माणसं धाडतो म्हणून गेलेत, असं त्यानं तिला सांगितलं. तानुबाईनं ओंजळीनं पाणी पाजलं आणि माणसं आणायला पळाली. माणसं आली तोवर तो गेला होता.

तानुबाईचं कुणी ऐकलं नाही. पंचनाम्यात एकटाच घसरून पडला असं लिहिलं गेलं. मायाच्या आईनं, आक्काताईनं, त्यानंतर पृथ्वीराजच्या गावचा रस्ता कधी पायाखाली घातला नाही. माया शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. पण तापानं फणफणलेला कुणी पेशंट पाणी मागायला लागला की तिचे हात क्षणभर थांबायचे. मग ती पाणी द्यायची.

मोहिमेच्या दिवशी पृथ्वीराजनं तिला हात जोडून नमस्कार केला आणि सिस्टर म्हणाला. तिचं नाव, गाव विचारलं नाही. पुढं दिवसभर तो तिला सिस्टरच म्हणत राहिला. मुलं त्याला दादा म्हणत होती आणि त्याच्या भोवती भोवती चालत होती. तो चांगला चालणारा होता, हे मायाला मानावं लागलं. चढणीवर दम लागलेल्या एका मुलीची पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली.

संध्याकाळी ते तांडेमाळावर पोचले. माया या जागी पहिल्यांदाच येत होती. तिनं मनात जागा मोठी केली होती, भयंकर केली होती. प्रत्यक्षात ती साधी होती. पिवळं गवत, टाक्यात हिरवट पाणी, दगडाच्या पायऱ्या झिजलेल्या. मुलांनी लाकडं गोळा केली, भात आणि पिठलं झालं. सगळे चुलीभोवती बसले आणि पृथ्वीराज बोलायला लागला. आपले पूर्वज याच वाटेनं आले, त्यांनी हे टाकं खोदलं, ही वाट पाडली, असं तो सांगत होता. एका मुलानं विचारलं, दादा, तुम्ही आधी कधी इथं आला होता का? तो म्हणाला, तरुणपणी एकदा, मित्रांबरोबर. लय मजा केली होती. आणि हसला.

मायानं ताटातला भात तसाच ठेवला. तोवर तिच्या मनात काय करायचं ते नक्की नव्हतं. सगळ्यांसमोर उठून बोलावं, असं काहीतरी होतं. त्या हसण्यानंतर तिला वाटलं की बोलणं पुरेसं नाही.

सकाळी तिला काही करावंच लागलं नाही. मुलं कोकणच्या बाजूला उतरायच्या तयारीत होती. खाली गावात त्यांच्या स्वागताला ताशे, हार, पत्रकार थांबले होते. पृथ्वीराज टाक्याच्या वरच्या कड्यावर फोटोसाठी चढला. दहिवरानं दगड ओला होता. तो खाली आला तो दोन पायऱ्यांवर आदळत, आणि त्याचा उजवा पाय अंगाखाली अडकला.

मायानं पाय तपासला. नडगीचं हाड मोडलं होतं, पण कातडी फाटली नव्हती. तिनं काम नीट केलं. काठ्या तासून घेतल्या, कापूस लावला, पट्ट्या आवळल्या, दुखणं थांबायची गोळी दिली. मुलं घाबरून बघत होती. मग पुढं काय, हा प्रश्न आला. कोकणाकडची उतरण इतकी अवघड होती की माणूस उचलून नेणं शक्य नव्हतं. माया म्हणाली, धनगरवाडा मागं तासाभराच्या अंतरावर आहे, तिथली माणसं झोळी करून शिराळ्याच्या बाजूनं यांना नेतील, मी स्वतः जाऊन सांगते. बरोबरचे प्राध्यापक म्हणाले की दोन मुलं इथं थांबवू. त्यावर पृथ्वीराजच म्हणाला की नको. खाली लोक खोळंबलेत, एकही पोरगं कमी दिसता कामा नये, मोहीम पुरी झालीच पाहिजे. पाय मोडलेला असताना त्यानं हे म्हटलं म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ती एकामागून एक कड्याआड उतरली आणि त्यांचे आवाज बंद झाले.

माया चुलीच्या दगडावर बसली.

थोड्या वेळानं पृथ्वीराज म्हणाला, "सिस्टर, निघा आता. लवकर गेलात तर दुपारपर्यंत माणसं येतील."

"निघते. आधी एक विचारायचं होतं. तुम्ही मागं इथं आला होता, तेव्हा वाट दाखवायला कोण होतं?"

तो म्हणाला की आता काय आठवणार, असेल कुणीतरी.

"मिलिंद होता. माझा भाऊ."

वारा गवतातून जात होता. पृथ्वीराजनं दोन्ही हात जमिनीला टेकून जरा मागं सरकायचा प्रयत्न केला आणि कळवळला. मग तो म्हणाला की मिलिंद म्हणून कुणी त्याला माहीत नाही. माया दवाखान्यात बोलायची तशी शुद्ध बोलत होती, ते तिनं सोडून दिलं.

"मग मी बसते. तुमास्नी आठवलं की निघते."

ती खरंच बसली. सूर्य वर चढला. आधी त्यानं धमकी दिली, नोकरी घालवीन म्हणाला. मग विनवणी केली, त्याला लहान मुलं आहेत म्हणाला. मायानं त्याला मधून मधून पाणी दिलं. तिला तो शुद्धीवर हवा होता. दुपारी ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच बोलायला लागला.

मिलिंद त्याच कड्यावरून पडला होता. मारलेलं सांबर खाली ओढताना दोरी सुटली आणि सांबराबरोबर तो खाली आला. मांडी मोडली. त्याला उचलावं तर सांबर टाकावं लागलं असतं. मिलिंदच म्हणाला की तुमी जावा, माणसं घेऊन या, मी हाय हितं. तो घाबरला नव्हता. लाकडं जवळ सरकवा म्हणाला, तेवढी तिघांनी सरकवली. पाण्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. टाकं जवळच होतं.

"खाली उतरल्यावर मी गाडी घेऊन डॉक्टरच्या दारापर्यंत गेलतो," पृथ्वीराज म्हणाला. "खरं सांगतो. दारात गाडी लावली हुती."

मायाला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं तिनं मनात त्या तिघांना डोंगर उतरून हसत घरी जाताना बघितलं होतं. डॉक्टरचं दार तिनं कधी बघितलं नव्हतं.

"मग वाजवलं का न्हाई दार?"

त्यानं डोळे उघडले. "गाडीत सांबर हुतं," तो म्हणाला. "डॉक्टर बाहेर आला असता तर त्याला दिसलं असतं. म्हणलं, आधी ते घरी टाकून यावं. घरी गेलो तर वडलांनी बाहेर पडू दिलं न्हाई. म्हणलं, तू गेलाच न्हवतास तिथं."

मायानं पाण्याची बाटली त्याच्या हाताशी ठेवली. एक घोंगडी अंगावर टाकली. लाकडं जवळ सरकवली आणि पिशवी खांद्याला लावली. तो गडबडीनं म्हणाला, "मी सांगितलं की सगळं. आता माणसं धाडशील न्हवं?"

"तुमी बी त्याला हेच सांगितलं हुतं. माणसं धाडतो म्हणून," माया म्हणाली. "मी बी सांगते. धाडते."

तो तिला हाका मारत राहिला. आधी सिस्टर म्हणून, मग ताई म्हणून, मग नुसतंच. उतरणीला लागेपर्यंत तिला ऐकू येत होतं.

धनगरवाड्यावर तानुबाई दारातच होती. म्हातारी झाली होती, पण तिनं मायाला तोंडावळ्यावरून ओळखलं. मायानं तिला सगळं सांगितलं. तानुबाईची दोन मुलं गोठ्यात होती, धडधाकट. तानुबाईनं त्यांच्याकडे बघून विचारलं, आत्ता धाडू का? माया म्हणाली, उद्या सकाळी. तानुबाईनं भाकरी थापली, मायाच्या पुढं ठेवली, स्वतःही जेवली. आपल्याला आता वाईट वाटेल, पाय उचलतील, परत पळावं लागेल, याची माया वाट बघत राहिली. तसं काही झालं नाही. तिला गाढ झोप लागली.

सकाळी तानुबाईच्या मुलांनी त्याला झोळीत घालून आणलं. तो थंडीनं काळानिळा पडला होता. त्याचा घसा बसला होता, बोलताना नुसती हवा येत होती. झोळी धनगरवाड्यावरून गेली तेव्हा त्यानं मायाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. कोल्हापूरला त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं. पाय जुळला, पण घोट्यात कायमचा ताठ राहिला.

तक्रार होईल, नोकरी जाईल, हे मायानं गृहीत धरलं होतं. तिनं नवऱ्याला, महेंद्रला, काय झालं ते सगळं सांगितलं. महेंद्र एसटीत कंडक्टर होता, शांत माणूस. तो म्हणाला, होईल ते बघू. पण झालं उलटंच. वर्तमानपत्रात आलं की धाडसी नर्सनं रानातून एकटीनं जाऊन दादांचे प्राण वाचवले. रात्री अंधारात उतरवणं धोक्याचं होतं म्हणून सिस्टरनी विचार करून सकाळी माणसं आणली, असं खुद्द पृथ्वीराजनंच सांगितलं होतं. दुसरं तो काय सांगणार होता? तिनं मला सोडलं म्हटलं असतं तर का सोडलं, हे आलं असतं.

ते वाचून माया हसली. मग तिला कळलं की आपलं काम अजून संपलेलं नाही.

निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या. माया सुट्टी टाकून पहिल्या सभेला शिराळ्याला गेली. कार्यकर्त्यांनी तिला ओळखलं, दादांचे प्राण वाचवणाऱ्या सिस्टर म्हणून बायकांच्या जाजमावर अगदी पुढं नेऊन बसवलं. पृथ्वीराज काठी टेकत माईकपाशी आला. भाषणाच्या मध्यावर त्याची नजर तिच्यावर गेली. ती काही करत नव्हती. हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तो अडखळला, पाणी प्याला, आटोपतं घेतलं.

ती दुसऱ्या सभेलाही गेली. तिसऱ्याही. पलूसला पाहुण्यांच्या प्रचाराला तो गेला, तिथंही ती एसटीनं जाऊन पुढं बसली. त्यानं तिला पुढं बसवू नका असं कधी सांगितलं नाही, सांगूही शकत नव्हता. एकदा तर सूत्रसंचालकानं तिचा सत्कार ठेवला. पृथ्वीराजला तिच्या हातात नारळ द्यावा लागला. त्यानं तो तिच्याकडे न बघताच पुढं केला, तिनंच तो धरून घेतला. लोक म्हणायला लागले की पडल्यापासून दादांच्या बोलण्यात राम राहिला नाही. घरी तो झोपेत ओरडून उठतो, असंही कुणी कुणी सांगायचं.

मायाला आनंद होत होता. दिवसभर उभं राहून ड्यूटी करून, बस पकडून, पाय ठणकत असतानाही तिला त्या जाजमावर बसण्याची ओढ लागायची. महेंद्र एकदाच म्हणाला की पोरगी तुझी वाट बघती. ती म्हणाली, थोडंच राहिलंय.

मतदानाला आठवडा उरला असताना पृथ्वीराजची बायको राजेश्वरी सांगलीला मायाच्या खोलीवर आली. एकटीच आली होती, गाडी लांब उभी करून. तिनं चहा घेतला नाही. तिनं विचारलं नाही की काय झालं होतं. नवऱ्यानं तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

"तुम्हाला काय पाहिजे ते सांगा," राजेश्वरी म्हणाली. "ते करतील. मी करायला लावीन. पण सभेला येऊ नका. माणूस वेडा होईल माझा."

मायाला जे हवं होतं ते तिनं कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या आईच्या दारात येऊन सांगू दे त्यांना. मला जे सांगितलं ते सगळं. डॉक्टरच्या दाराचं पण."

तो आला. दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, काठी टेकत, बायकोला घेऊन. माया आदल्या संध्याकाळीच गावी येऊन राहिली होती. आक्काताई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मायानं तिला रात्री सगळं सांगितलं होतं, आणि ती ऐकून फक्त आत जाऊन पडली होती.

पृथ्वीराज अंगणात उभा राहिला. बसायला कुणी काही दिलं नाही. त्यानं खाली बघत हळू आवाजात सांगितलं. दोरी, सांबर, मोडलेली मांडी, डॉक्टरचं दार.

आक्काताईनं सुपातल्या शेंगा बाजूला केल्या. "मला कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा."

मायानं आईकडे बघितलं. आक्काताईला आतल्या खोलीतून चुलीवरचं दूध वर आल्याचं ऐकू यायचं.

पृथ्वीराजनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या घरातली बाई दारात आली. आक्काताईनं कानाला हात लावला.

"न्हाई आलं नीट. आजून मोठ्यानं."

राजेश्वरीनं डोळ्याला पदर लावला. पृथ्वीराजच्या मानेवरच्या शिरा ताणल्या. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, ओरडून, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. तोवर सगळी आळी बाहेर आली होती. मिलिंदबरोबर शाळेत गेलेले आता पोराबाळांचे बाप झालेले होते, ते विहारापाशी उभं राहून ऐकत होते. कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. कुणी वाटही सोडली नाही. त्याला माणसांच्या मधून, अंग चोरत, काठी टेकत गाडीपर्यंत जावं लागलं.

दुपारपर्यंत ते सगळ्या खोऱ्यात पसरलं. पृथ्वीराजनं उमेदवारी सोडली नाही, पण निवडणुकीत सपाटून पडला, आणि नंतर शेती सोडून कशात दिसला नाही. पोलिसांत मायानं आणि तानुबाईनं जबाब दिले. नऊ वर्षांचं जुनं प्रकरण, त्यातलं फारसं काही उभं राहिलं नाही. तांडेमाळावर पुन्हा कुणी मोहीम नेली नाही.

एवढं मात्र झालं. थोरला कसा गेला असं कुणी विचारलं की आक्काताई इतकी वर्षं म्हणायची, डोंगरावनं पडला. आता ती म्हणते, "पडला न्हवता. टाकून गेले त्याला." आणि ते म्हणताना आवाज जराही कमी करत नाही.